तिसरा रकाना

लग्नपत्रिकांचा हंगाम सरला होता,
मशीनवर केळीच्या ट्रकांची पावतीबुकं चालली होती,
तेव्हा हस्तमाया ढुंगेल आल्या भुसावळच्या माझ्या छापखान्यात,
काखेत शंभर पानी वही,
प्रत्येक पानाच्या मध्ये उभी रेघ मारलेली.
डावीकडे नेपाळी, उजवीकडे मराठी.
म्हणाल्या, चाळीस प्रती हव्यात. अजून सात घरं येताहेत,
रावेरला केळी पिकवायच्या गोदामात काम लागलंय त्यांना.

मी विचारलं, नेपाळहून?
नाही. भूतानहून. बोली तेवढी नेपाळी.
तिथून काढलं तेव्हा मी आठवीत होते.
मग अठरा वर्षं छावणीत.
भावाला अमेरिका मिळाली.
आमच्या कागदांत सासऱ्यांचं नाव एका वेलांटीने चुकलं,
आम्हाला भुसावळ मिळालं.
मिळालं असंच म्हणाल्या,
रेशनवर साखर मिळाल्यासारखं.

टाइप करायला बसलो. अक्षरं तीच,
माझी बोटं सरावाने पुढे धावायची
आणि शब्दाच्या शेवटी भलत्याच गावात उतरायची.

पहिलं पान दवाखान्याचं.
कहाँ दुख्छ? कुठे दुखतं?
ज्वरो, ताप. पखाला, जुलाब.
जाडो म्हणजे थंडी. खाली बारीक अक्षरात सूचना:
नर्सला जाडो म्हणू नये,
ती वजनकाट्यावर उभं करते.
मिठो म्हणजे चवदार.
खानावळीत म्हणू नये. मीठ आणून ठेवतात.
घाम म्हणजे ऊन.

इथे थांबलो. म्हटलं, ताई, हे चुकलंय,
घाम म्हणजे हा, कपाळावरचा.
त्यांनी दाराबाहेर पाहिलं.
मे महिना, दुपारचे दोन,
रस्त्यावर एक कुत्रंही नाही.
म्हणाल्या, इथे दोन्ही एकच आहे. राहू द्या.

प्रुफं घरी नेली त्यांनी.
परत आली ती धाकटीच्या हातून. बबिना,
नगरपालिकेच्या शाळेत सातवीला.
पेन्सिलीने हळू खोडून लिहिलेलं: हयू.
शाळा खोडून शाया.
केळं खोडून केयं, जळगाव खोडून जयगाव.
म्हटलं, हे काय गं?
म्हणाली, आईला ळ येत नाही, आमच्यात तो नाहीच.
पण बाजारात तरी कुठे आहे?
ळ फक्त मराठीच्या बाई म्हणतात.

मी पाचवीत डोया म्हणालो होतो,
छडीचा वळ तीन दिवस होता.
पुढे पुण्यात दोन वर्षं नोकरी केली,
ळ इतका घासूनपुसून घेतला
की फोनवर आई म्हणाली, कोन बोलतंय?
आणि ही पोरगी, कुठल्या डोंगरातली,
माझ्या मायचा शब्द पेन्सिलीने
प्रुफावर दुरुस्त करून आणते.

कागद आडवा केला.
उभ्यात तीन रकाने मावत नव्हते.
तिसऱ्याला मथळा काय द्यावा, कळेना.
अहिराणी म्हणावं तर तापीकाठची माणसं भांडतील,
लेवा म्हणावं तर बाकीचे रुसतील.
बबिना म्हणाली, नुसतं 'बाजारात' लिहा.
लिहिलं.
त्या रकान्याचे पैसे लावले नाहीत,
आणि त्यातले अर्धेअधिक शब्द
मला कुणाला विचारावे लागले नाहीत.

शेवटचं पान सवाल-जबाबाचं.
तपाईंको घर कहाँ हो?
तुमचं घर कुठे आहे?
तुमचं घर कुठी हाये?
खाली उत्तरासाठी टिंबं.
हस्तमाया खुर्चीमागे उभ्या होत्या.
म्हणाल्या, टिंबं थोडी जास्त द्या,
काहींचा पत्ता लांब असतो.

मी कळ दाबून धरली.
एक ओळ भरली, दुसरी सुरू झाली,
त्या थांबा म्हणाल्या नाहीत.